स्वस्त टायर आणि किंमती मोटार

महोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या टायरविषयी लेख असावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आरोग्य, शिक्षण, घरखर्च हे अशा अंकांचे ठरलेले विषय. परंतु ज्या गोष्टीत पैसा आणि जीव ही दोन्ही एकाच वेळी गुंतलेली असतात, ती गोष्ट संसाराचीच होय. म्हणून ट्रस्टच्या सभासदांपुढे आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे हा विषय मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या सुरतेत किंमती मोटार आता गिरणीमालकाच्या किंवा हिरेव्यापाऱ्याच्या दारापुरती राहिलेली नाही. २०१८ साली येथील हिऱ्यांचे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी आपल्या पेढीत पंचवीस वर्षे काम केलेल्या तीन कर्मचाऱ्यांना मर्सिडीझ गाड्या भेट दिल्या, ही बातमी सर्व देशाने वाचली. सर्वांनाच अशी भेट मिळत नाही. पण पाच-सात वर्षे वापरलेली मर्सिडीझ, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी आज नव्या मध्यम गाडीच्या किंमतीत मिळते, आणि हौसेने ती घेणारी घरे आपल्या ओळखीत आहेत. गाडी दारात येते, पेढे वाटले जातात. पुढे टायर घासतात आणि चार नव्या टायरांचे बिल ऐकून घरातील मंडळी गप्प होतात. गाडी परवडली, पण तिचे जोडे परवडत नाहीत, अशी ही अडचण आहे.

मग कोणी सांगतो, ‘त्याच मापाचे स्वस्त टायर निम्म्या किंमतीत मिळतात, काय फरक पडतो?’ आपल्या गुजराती शेजाऱ्यांची म्हणच आहे, ‘सस्तुं भाडुं ने सिद्धपुरनी जात्रा’. दुसरा सांगतो, ‘कंपनीने दिलेल्या छापाखेरीज दुसरा टायर लावाल तर गाडी गेली समजा.’ पहिल्याला स्वस्त माल खपवायचा असतो, दुसऱ्याला महाग. खरे काय ते समजून घ्यावयाचे तर टायर काम कसे करतो हे आधी पाहिले पाहिजे.

टायर जमिनीला किती टेकतो?

आपण गाडीचे इंजिन पाहतो, रंग पाहतो, आतील चामड्याची बैठक पाहतो. परंतु या सर्व थाटाचा जमिनीशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी. दोन टनांची मोटार असेल तर एका चाकावर सुमारे ५०० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब आहे असे धरले, तर भागाकार करून जमिनीला टेकणारा भाग साधारण २१७ चौरस सेंटिमीटर येतो. शाळेच्या वहीचे हे जेमतेम अर्धे पान होय. ब्रेक कितीही उत्तम असोत, संगणक कितीही चतुर असो, त्यांची आज्ञा रस्त्यापर्यंत पोचते ती या चार अर्ध्या पानांतून.

१८३९ साली चार्ल्स गुडइयर याने रबरात गंधक घालून ते तापविण्याची कृती शोधली आणि रबर टिकाऊ झाले. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर सायकलीला लावून दाखविला, आणि १९४६ साली मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. १९९० नंतर टायरच्या रबरात काजळीबरोबर सिलिका, म्हणजे वाळूचेच एक शुद्ध रूप, मोठ्या प्रमाणावर मिसळू लागले. ओल्या रस्त्यावरील पकड या सिलिकेने पुष्कळ सुधारली. बाहेरून सर्व टायर काळे आणि गोल दिसत असले, तरी आतील मसाला वेगवेगळा असतो आणि किंमतीचा मोठा भाग या मसाल्याचा असतो.

टिकाऊ म्हणजे चांगला काय?

आपल्या घरांत वस्तूची स्तुती करावयाची झाली तर ‘टिकाऊ’ हा शब्द प्रथम येतो. भांडे, कापड, छत्री यांना हे माप योग्य आहे. टायरच्या बाबतीत मात्र ते फसवे ठरते. टायरकडून तीन गोष्टी हव्या असतात: रस्त्यावर घट्ट पकड, कमी झीज आणि कमी इंधनखर्च. रबर मऊ केले तर पकड वाढते, पण ते लवकर झिजते. रबर कडक केले तर ते हजारो किलोमीटर जास्त चालते, पण पावसात घसरते. तिन्ही गुण एकत्र साधावयाचे तर भारी रसायने, संशोधन आणि चाचण्या यांवर खर्च करावा लागतो. ज्या कारखान्याला स्वस्तच विकावयाचे आहे तो यांपैकी काहीतरी सोडतो. आणि बहुधा सोडतो ती ओल्या रस्त्यावरची पकड, कारण दुकानात ती ग्राहकाला दिसत नाही. ‘साठ हजार किलोमीटर झाले तरी नवाच आहे’ असे एखाद्या टायरचे कौतुक ऐकले, तर पावसात तो कसा थांबतो हेही त्याच वेळी विचारावे.

एक सोपे गणित

पकडीतील फरक म्हणजे नेमके किती, हे दहावीचा विद्यार्थीही काढू शकेल. समजा दोन सारख्या मोटारी ओल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जात आहेत. एकीच्या टायरची पकड ०.८ आहे, दुसरीच्या टायरची ०.६. दोघींनी एकाच खुणेवर पूर्ण ब्रेक दाबला. पहिली मोटार सुमारे ४९ मीटरवर उभी राहील. दुसरी उभी राहण्यास सुमारे ६६ मीटर घेईल. फरक १७ मीटरचा, म्हणजे चार मोटारी एकापुढे एक उभ्या राहतील इतका.

परंतु खरा धडा याच्या पुढे आहे. पहिली मोटार जेथे थांबली, तेथे दुसरीचा वेग किती असेल? पुष्कळ जण म्हणतील, दहा-पंधरा. तसे नाही. पकड तीन-चतुर्थांश असल्यामुळे तेवढ्या अंतरात तिची गतिज ऊर्जाही तीन-चतुर्थांशच खर्च झाली. एक चतुर्थांश उरली. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून चतुर्थांश ऊर्जा म्हणजे निम्मा वेग. दुसरी मोटार त्या जागी अजून ताशी ५० किलोमीटरने धावत असते. त्या जागी एखादी स्कूटर उभी असेल, तर पहिल्या मोटारीच्या चालकाने केवळ सुटकेचा श्वास टाकला असता. दुसऱ्याचे काय होईल ते लिहावयास नको.

०.८ आणि ०.६ हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ते हवेतील नाहीत. युरोपात २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी छापण्याची सक्ती आहे. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना वरच्या आणि तळच्या श्रेणींतील फरक १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो, असे त्या वेळी ग्राहकांना सांगण्यात आले होते.

पावसाचे पाणी जाते कोठे?

सुरतेचा पाऊस आपणांस नवा नाही. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे आणि २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटरने त्यावरून जात आहे, असे धरा. गुणाकार केल्यास त्या एका टायरला दर सेकंदास सुमारे १५ लिटर पाणी, म्हणजे न्हाणीघरातील एक बादली, बाजूला सारावी लागते. हे काम टायरच्या खाचा करतात. खाचा झिजल्या किंवा त्यांची आखणी सुमार असली, की पाणी बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि चक्र फिरविले तरी गाडी वळत नाही. किंमती मोटारींचे टायर रुंद असतात. कोरड्या रस्त्यावर रुंदी हा गुण आहे. पण रुंद टायरला पाणीही जास्त सारावे लागते, म्हणून त्याच्या खाचांची आखणी अधिक काळजीची हवी.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर सांगितले आहे, आणि ते दाखविण्यासाठी खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्या उंचवट्यांना भिडला की टायर संपला. मात्र पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, हा जाणकारांचा सल्ला मानावा. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल: अतिशय महाग पण गोटा झालेला टायर हा नव्या साध्या टायरपेक्षा पावसात वाईट. नुसत्या नावाने पाणी कापले जात नाही.

किंमती मोटारीला वेगळे काय लागते?

वर काढलेल्या गणितात गाडीच्या वजनाचा उल्लेख आला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. थांबण्याचे अंतर वजनाने फारसे बदलत नाही. पण टायरवरचा ताण, त्यात निर्माण होणारी उष्णता आणि धडकेचा जोर हे मात्र वजनाने वाढतात. लहान मोटार एक टनाच्या आतबाहेर असते, आलिशान मोटार दोन टनांच्या घरात, आणि विजेवरची आलिशान मोटार त्याहूनही जड. शिवाय ती शांत आणि गुबगुबीत असल्यामुळे ताशी १२० चा वेग आत बसणाऱ्याला ८० सारखा वाटतो.

म्हणून अशा मोटारीच्या टायरवर काही आकडे ठरलेले असतात. उदाहरणार्थ, ‘२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू’. यातील २२५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ४५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. येथवर दुकानदार जुळवून देतो. त्यानंतरच्या दोन खुणांकडे ग्राहकाने स्वतः पाहावयाचे असते. ९४ हा भाराचा अंक. ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो. त्याच मापात ९१ अंकाचाही टायर मिळतो, पण तो ६१५ किलोचाच. शेवटचे अक्षर वेगाचे: टी म्हणजे १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटर.

कोणी म्हणेल, आपल्याकडे द्रुतगती मार्गावरही मोटारीला १२० चीच मर्यादा, मग २७० चा टायर कशाला? हा आकडा केवळ वेगाची परवानगी नव्हे. टायर किती उष्णता सोसून आकार टिकवितो याची ती परीक्षा आहे. भरलेली गाडी, मे महिन्याचे ऊन आणि दोन-चार पौंड कमी हवा ही एकत्र आली की ही शिल्लक कामास येते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारापेक्षा आणि वेगापेक्षा कमी खुणेचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आणखी दोन बाबी किंमती मोटारींच्या खास आहेत. पहिली, पुष्कळ बीएमडब्ल्यू आणि काही मर्सिडीझ गाड्यांना स्टेपनी नसते. त्यांचे टायर ‘रनफ्लॅट’ असतात. हवा गेल्यावरही ते साधारण ८० किलोमीटर अंतर ताशी ८० च्या आत चालवून नेता येतात. खर्च वाचविण्यासाठी त्यांच्या जागी साधे टायर बसविले, तर रात्री कोंडाईबारीच्या घाटात पंक्चर झाल्यावर काय करावयाचे, हेही आधी ठरविले पाहिजे. निदान हवेचा पंप आणि दुरुस्तीचे साहित्य गाडीत ठेवावे. दुसरी बाब, काही मोटारींच्या टायरवर त्या कंपनीची मान्यतेची खूण असते: बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीझसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’. अशी खूण असलेला टायर त्या गाडीसाठी जुळवून घेतलेला असतो. तो मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास गाडी मोडते असे नाही. मात्र चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीला दोन नवे आणि दोन घासलेले, किंवा दोन छापांचे टायर लावू नयेत. व्यासातील फरकाने यंत्र झिजते.

स्वस्त म्हणजे कोणता?

सर्व स्वस्त टायर एका माळेचे मणी नाहीत. त्यांचे चार प्रकार समजावेत.

पहिला, आपल्याच देशातील मोठ्या कारखान्यांचा. एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासला रबरी फुगे करण्यापासून झाली. इटलीच्या तोरिनो शहरात जन्मलेले सिएट १९५८ साली मुंबईत आले. अपोलोचा मोठा कारखाना आपल्याच गुजरातेत वडोदऱ्याजवळ लिमडा येथे आहे. या कंपनीने २००९ साली हॉलंडची जुनी व्रेडेस्टाइन कंपनी विकत घेतली आणि पुढे त्या नावाचे टायर भारतातील आलिशान मोटारींसाठीही आणले. एमआरएफनेही अशा गाड्यांसाठी ‘पर्फिन्झा’ हा टायर काढला. परदेशी नावापेक्षा हे बहुधा स्वस्त असतात. पण त्यांना ‘हलके’ म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा, परदेशी मोठ्या कंपन्यांचे दुय्यम छाप. बारुम हे काँटिनेंटलचे, सावा हे गुडइयरचे, तिगार हे मिशेलिनचे. मागच्या पिढीचा मसाला आणि साधी आखणी, पण पाठीशी जाणते घर.

तिसरा, ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही असा आयात माल. भारत सरकारने २०२० च्या जून महिन्यात टायरची आयात परवान्याखाली आणली, त्यामुळे चिनी स्वस्त टायरांच्या लाटेला आळा बसला. येथे विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. ते नसेल तर पुढे बोलणेच नको. ते असले तरी किमान परीक्षेत टायर उतरला, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत पस्तीस गुणांनी पास होणारा आणि पंच्याऐंशी गुणांचा, दोघांच्याही प्रगतिपुस्तकात ‘उत्तीर्ण’ हाच शब्द असतो.

चौथा प्रकार म्हणजे जुना पडून राहिलेला किंवा वापरलेला टायर. हा सर्वांत धोक्याचा, कारण त्यावर नाव मोठे असते. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरल्याशिवायही म्हातारे होते, कडक होते, त्याला बारीक भेगा जातात. सहा वर्षे झालेला ‘कोरा’ टायर निम्म्या किंमतीत मिळाला तर तो सौदा नव्हे.

समृद्धी महामार्गाचा धडा

या सर्व गोष्टींचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. सरळ, रुंद काँक्रीटचा रस्ता आणि मोटारींना १२० ची मर्यादा. पहिल्या काही महिन्यांतच टायर फुटून अपघात झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याने मार्गावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्यास आणि गोटा टायरांच्या गाड्या परत पाठविण्यास आरंभ केला. गावात वर्षानुवर्षे निभावून गेलेला टायर तेथे दोन तासांत हार खातो, याचे कारण सरळ आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्याने उष्णता होते. न थांबता तासन्‌तास वेग राहिला की ती उष्णता बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. शेवटी आतील थर सुटतात. आपली पुष्कळ मंडळी नवापूर, साक्री, धुळे या वाटेने खानदेशात आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ ने मुंबईकडे जातात. त्यांनी हा धडा आपलाच समजावा.

मग निर्णय काय?

ज्या घराची किंमती मोटार सुरतेच्या आत, अडाजण ते रिंगरोड अशीच फिरते, आणि महामार्गावर क्वचित व संथ जाते, त्या घराने पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचा, योग्य भाराचा व वेगाचा, ताजा टायर घेण्यास हरकत नाही. त्यात कमीपणाही नाही. ज्यांची गाडी दर आठवड्यास मुंबई गाठते, पावसाळ्यातही वेगाने धावते, त्यांनी ओल्या रस्त्यावरील पकडीत वरची श्रेणी असलेलाच टायर घ्यावा. तिसरा आणि चौथा प्रकार कोणीच घेऊ नये. पन्नास लाखांची गाडी आणि खाली असले टायर म्हणजे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’.

हिशेबही पाहू. समजा एक टायर १२ हजारांचा आणि दुसरा २० हजारांचा. चारांत फरक ३२ हजारांचा. ते ४० हजार किलोमीटर चालले तर दर किलोमीटरला ८० पैसे. इंधनाच्या खर्चापुढे ही रक्कम किती लहान आहे ते प्रत्येकाने ताडून पाहावे. तीही जड वाटत असेल, तर साधी गाडी चांगल्या टायरांवर चालविणे हाच शहाणपणा आहे. गाडी घेतानाच तिच्या चार टायरांची किंमत विचारून घ्यावी. म्हणजे पुढचा प्रसंग टळतो.

टायर कोणताही असो, पंधरवड्यातून एकदा गाडी थंड असताना हवा तपासावी. लांबच्या प्रवासापूर्वी अवश्य. खड्ड्यात चाक आदळल्यावर टायरच्या बाजूला फुगा आला आहे काय ते पाहावे. आला असल्यास तो टायर त्याच दिवशी उतरवावा. दोनच नवे टायर घेतले तर ते मागच्या चाकांना लावावेत, कारण पावसात मागचे चाक घसरले की गाडी सावरणे सामान्य चालकास जमत नाही. ही तीन कामे करावयास पैसे जवळजवळ पडत नाहीत.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. टायर विकत घेताना आपण आपल्या खिशाचा आणि फार तर आपल्या मुलाबाळांचा विचार करतो. परंतु ते १७ मीटर आपल्या मालकीचे नसतात. त्या जागेत पुढची स्कूटर असते, तिच्यावर कोणाचे तरी घर बसलेले असते, आणि आपण कोणता टायर घेतला हे त्यांना कोणी विचारलेले नसते. ज्यांना विचारले नाही त्यांचाही वाटा हिशेबात धरावा, एवढीच वाचकांस नम्र विनंती.